डबा आणि त्याची रोजनिशी

कुठलीही वस्तू फार स्वस्तात मिळाली की संशय यावा, एवढी अक्कल मला आहे. फक्त ती वस्तू घरी आणून, खोकं फाडून आणि पावती हरवून झाल्यावर येते.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत तपकीर मिळत नाही, विजेचं सामान मिळतं. तिथे मी गेलो होतो दारावरच्या घंटीचं बटण आणायला, आणि आलो टीव्हीचा डबा घेऊन. डबा म्हणजे काळा, चपटा, आमच्या घरातल्या मिसळणाच्या डब्याच्या निम्म्या आकाराचा. किंमत अठराशे रुपये. काउंटरवरचा मुलगा माझ्या भाच्याहून लहान असेल, पण बोलणं एखाद्या विमा एजंटाचं.

"काका, ह्याच्यात सगळं आहे."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. पिक्चर, चॅनल, क्रिकेट. लाइफटाइम फ्री."

लाइफ कुणाची, हे विचारायचं राहिलं. डब्याची असेल तर ती फार नव्हती. माझी म्हणाल तर तिच्यातले सात आठवडे या डब्याने खाल्ले. पुस्तकाचं परीक्षण करणारी मंडळी पुस्तकाला सात आठवडे देतात असं माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा या डब्याचं परीक्षण लिहिण्याचा अधिकार मला कुणाहीपेक्षा जास्त आहे, असं मी नम्रपणे समजतो.

पण आधी मला डबा कशाला हवा होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हातारपणी याला सिनेमाचं वेड लागलं असा तुमचा समज व्हायचा. आमच्या अण्णांची एकसष्टी १९८८ साली झाली. तेव्हा व्हिडिओवाला बोलावण्याची नवी हौस होती. त्या कार्यक्रमाची कॅसेट अनेक वर्षं कपाटात नॅप्थालीनच्या गोळ्यांबरोबर राहिली, मग कुणीतरी तिची डीव्हीडी करून आणली, मग डीव्हीडीचा प्लेअर वारला, आणि शेवटी भाच्याने ते सगळं एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. अण्णा जाऊन आता वीस वर्षं झाली. आई एकोणनव्वद वर्षांची आहे. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "अरे, ह्यांनी त्या दिवशी भाषण केलं होतं ना, ते एकदा लाव की."

मी मोबाइल पुढे केला. तिने चष्मा पुसला, पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा काचेत नको रे कोंबू त्यांना."

आमचा टीव्ही २०१२ सालचा. चांगला मोठा आहे, पण त्याच्या पाठीमागच्या भोकात पेनड्राइव्ह घातला तर तो फक्त फोटो दाखवतो, आणि तेही आपल्यावर उपकार केल्यासारखे. नवा टीव्ही घ्यावा तर पेन्शनरच्या अंगावर काटा येतो. डब्याचा जन्म आमच्या घरात असा झाला. भाषण चारच मिनिटांचं होतं. ते आईच्या आधी आपण ऐकायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. संगणकावर लावून पाहिलं तेही सनई वाजेपर्यंतच. आवाज आहे एवढी खात्री करून बंद केलं.

आता परीक्षणाकडे वळू. खोक्यातून निघालेलं पहिलं साहित्य म्हणजे माहितीपत्रक. ते इंग्रजीत होतं, पण ते लिहिताना कुणी इंग्रज जवळपास नसावा. 'चित्र न दिसल्यास चित्र दिसत आहे काय ते पाहावे' अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं, आणि अडचण-निवारणाचं प्रकरण तिथेच संपत होतं. माझ्या मते ते प्रामाणिक होतं. पुढे सात आठवडे मी तेवढंच केलं.

डबा लावला. टीव्हीवर रंगीबेरंगी चौकोन आले आणि कोपऱ्यात तारीख आली : १ जानेवारी १९७०. वेळ पहाटे साडेपाच. मला क्षणभर बरं वाटलं. १९७० साली मी शाळेत होतो आणि गुडघे दुखत नव्हते. पण नंतर लक्षात आलं की मुंबईचं दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे आमचा डबा अशा दिवशी डोळे उघडत होता, ज्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रात टीव्हीचं केंद्रच नव्हतं. त्याने दाखवायचं तरी काय?

भाच्याने उलगडा केला. संगणकांच्या एका मोठ्या कुळात कालगणना १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री सुरू होते, आपला शालिवाहन शक सुरू होतो तशी. ती मध्यरात्र ग्रिनिचची, म्हणून आपल्याकडे साडेपाच. भल्या संगणकात एक लहानशी बॅटरी असते आणि वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं. डब्यात ती बॅटरी वाचवलेली असते. त्यामुळे दर वेळी तो जागा झाला की आधी इंटरनेटवर कुणाला तरी विचारतो, "किती वाजले हो?" आणि आमच्या घरात वायफाय बैठकीच्या खोलीपर्यंत पोचता पोचता धापा टाकतं, त्यामुळे उत्तर येत नाही.

आता नसेना का तारीख बरोबर, आपल्याला कुठे पंचांग बघायचंय, असं मला वाटलं. पण इंटरनेटवरची प्रत्येक भली जागा आधी आपलं प्रमाणपत्र दाखवते, आणि त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. १९७० सालात बसलेला डबा २०२५ सालचं प्रमाणपत्र पाहतो आणि एखाद्या जुन्या हेडक्लार्कसारखा म्हणतो, हे अजून सुरूच झालेलं नाही, नंतर या. मग ना सिनेमांची चित्रं येत, ना काही नवं बसवता येत. पडद्यावर दिसतं फक्त 'जोडता आलं नाही'. मी आठवडाभर वायफायवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. दोष होता घड्याळाचा. शेवटी एक लांब तार भिंतीच्या कडेने ओढली आणि डबा पंचावन्न वर्षं एका उडीत पार करून आमच्या काळात आला.

डब्यातला मुख्य कार्यक्रम म्हणजे कोडी. हे नाव ठेवणाऱ्याला मराठी येत नसणार, पण कोडं या शब्दाचं अनेकवचन इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्याच यंत्राला लागू पडलं नसेल. त्याचा इतिहास मात्र मला आवडला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स नावाचं खेळाचं यंत्र काढलं, आणि काही हौशी पोरांनी ते उघडून त्यावर सिनेमा लावण्याची सोय केली. ही २००२ ची गोष्ट. त्याचंच पुढे एक्सबीएमसी झालं. काही वर्षांत ते त्या यंत्रातून बाहेर पडलं, संगणकांवर, फोनवर, टीव्हीच्या डब्यांवर गेलं. एक्सबॉक्स मागेच राहिला तरी नाव चालू होतं, म्हणून २०१४ साली नामकरण करून कोडी झालं. हे सगळं स्वयंसेवकांचं काम. त्याची अंतर्रचना कुणालाही वाचायला खुली, वापरायला पैसे नाहीत. आपल्याकडे गणेशोत्सवाचा मांडव पोरं उभारतात तसं. आणि मांडवाला नावं ठेवणारेही तसेच भरपूर.

मीही ठेवणार आहे. पहिलं म्हणजे, कोडीत सेटिंगच्या चार पायऱ्या आहेत : साधी, मध्यम, प्रगत आणि तज्ज्ञ. तुम्ही स्वतःला जे म्हणवाल तेवढंच तो तुम्हाला दाखवतो. आता मला सांगा, सत्तरीला टेकलेला कुठला मराठी माणूस आपल्या हाताने 'साधी' निवडेल? आपण कुठल्याही विषयात थेट तज्ज्ञच असतो. मी तज्ज्ञ निवडलं आणि पडद्यावर पर्यायांची अशी रांग लागली की मला लग्नाच्या पंगतीतलं ताट आठवलं. वाढलं आहे म्हणून मी सगळ्याला हात लावला. या वाक्याकडे कृपया लक्ष ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी तक्रार नावाची. कोडी सिनेमा ओळखतो तो फाइलच्या नावावरून, आणि नावापुढे साल लिहिलं नसेल तर त्याच्या मनाला येईल तो सिनेमा समजतो. मी जब्बार पटेलांचा 'सामना' भरला होता. कोडीने त्यावर कुठल्या तरी परदेशी मारामारीच्या सिनेमाचं चित्र चिकटवलं, हातात पिस्तूल घेतलेल्या बाईसकट. नावापुढे कंसात १९७५ लिहिल्यावर तो वठणीवर आला. तसा तो मुद्दा बरोबरच आहे म्हणा. आमच्या वाड्यात तीन बंडू होते, तेव्हा आम्हीही 'कुठला बंडू' असंच विचारत होतो.

पण खरा गुन्हेगार कोडी नव्हे, आणि या परीक्षणात मला हेच बजावून सांगायचं आहे. त्या मुलाने जे 'सगळं' सांगितलं होतं, ते कोडीत नसतंच. कोडी म्हणजे रिकामी फडताळं. त्यात सिनेमे आपण ठेवायचे. डबा विकणारे त्यात चोरीच्या मालाच्या वाटा दाखवणारी जोडकामं भरून देतात, त्यावर 'फुल्ली लोडेड' लिहितात, आणि दोन महिन्यांनी त्या वाटा बंद पडल्या की माणूस म्हणतो, कोडी बिघडलं! दुकानदार तोवर दुसरा डबा विकायला लागलेला असतो. शिव्या कुणाला, तर ज्यांनी एक पैसा घेतला नाही त्यांना. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०१७ ला असे भरलेले डबे विकणं हाही हक्कभंगच, असा निकाल दिला. कज्जा एका डच दुकानदाराचा होता, त्याच्या डब्याचं नाव फिल्मस्पेलर. आमच्या डब्यातलं क्रिकेट तर तिसऱ्या दिवशीच बंद झालं. सामना चालू होता, टीव्हीवर वर्तुळ फिरत होतं, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी, जे फुकट क्रिकेट बघायला भज्यांच्या वेळेला आले होते, ते भजी संपवून म्हणाले, "तुमचं कोडी भिकार आहे." मी गप्प बसलो. भजी आमची, डबा आमचा, आणि भिकार कोण ते मला नीट माहीत होतं.

आणि हे निदान बंद तरी पडतं. वाईट ते, जे बंद पडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या अशाच एका स्वस्त डब्यात एका तज्ज्ञाला कारखान्यातूनच भरून आलेला हेर सापडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, की असे डबे घरच्या इंटरनेटवर बसून भलत्याच लोकांची कामं करत असतात, मालकाला पत्ताही लागत नाही. भाच्याने हे वाचून दाखवलं तेव्हा आई ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे बिनपगारी ठेवलेला गडी रात्री दुसऱ्याकडे दरोड्याला जातो म्हण की." एफबीआयला एवढ्या थोडक्यात सांगता आलेलं नाही.

तेव्हा डब्यातली मूळची व्यवस्था बाजूला ठेवून कोअरएलेक नावाची व्यवस्था चालवायची, असं भाच्याने ठरवलं. तीही फुकट आणि खुली. लिब्रएलेक नावाच्या घराण्यातून २०१८ मध्ये वेगळी झालेली ही पाती, अ‍ॅमलॉजिकच्या चिप असलेल्या डब्यांसाठी. तिच्यात कोडी आणि कोडीला लागेल तेवढंच, बाकी पसारा नाही. एका मेमरी कार्डावर ती उतरवायची, कार्ड डब्यात घालायचं, आणि डब्याला पटवायचं की बाबा रे, पोटातलं सोडून आधी हे वाच. कार्ड काढलं की डबा पुन्हा पहिल्यासारखा. ही सोय मला फार सभ्य वाटली.

डब्याला पटवायची पद्धत मात्र तुम्हाला खरी वाटणार नाही. डब्याच्या पाठीला हेडफोनच्या आकाराचं एक भोक असतं. त्याच्या तळाशी एक गुप्त बटण असतं. त्या भोकात दातकोरणं घालायचं. हो, दातकोरणं! सगळ्या जगात या क्रियेला हेच नाव आहे, मी बनवून सांगत नाही. दातकोरण्याने बटण दाबून धरायचं, तसंच धरून विजेची पिन खोचायची, आणि पडद्यावर चिन्ह उमटलं की सोडायचं. मी डबा छातीशी धरलेला, भाचा एका गुडघ्यावर बसून पिन खोचतोय, ही टॉर्च दाखवतेय आणि आई सोफ्यावरून विचारतेय, "दाढ आहे का पुढचा?" अशा अवस्थेत आम्ही पाच प्रयत्न केले. पहिल्या दोन्ही वेळा दातकोरणंच मोडलं. तिसऱ्या वेळी हिने आतून क्रोशाची सुई आणली, ती भाच्याने आदराने परत केली, कारण लोखंड आत घालायचं नसतं.

पाचव्या वेळी लागलं, पण चित्र काळंच. इथे डब्याचं खोटं उघडं पडायला सुरुवात झाली. कोअरएलेकला आधी सांगावं लागतं की आत कुठली चिप आहे आणि बाकीचे अवयव कुठे कसे जोडले आहेत. त्याची एक लहान फाइल असते, डिव्हाइस ट्री म्हणतात, म्हणजे डब्याची वंशावळच. कार्डावर अशा पुष्कळ वंशावळी दिलेल्या असतात, आपली असेल ती निवडून पुढे ठेवायची. खोक्यावर एस९०५एक्स३ लिहिलं होतं, म्हणून आम्ही ती ठेवली. काळोख. मग भाच्याने एकेक खालच्या कुळातली लावून पाहिली, आणि एस९०५डब्ल्यू या जुन्या, साध्या चिपच्या वंशावळीला डबा हूं की चूं न करता उठून बसला. जुन्या चिपला आवृत्तीही जुनी लागली. आत गेल्यावर कोडीच्या माहितीच्या पानावर स्मरणशक्ती पाहिली. खोक्यावर चार जीबी, पानावर दोन. साठवणीची जागा चौसष्ट म्हणून सांगितलेली, निघाली सोळा. आणि ८के म्हणाल तर ते खोक्याच्या छपाईत होतं, तिथे ते अजूनही उत्तम दिसतं.

मूळच्या व्यवस्थेत हेच आकडे चार आणि चौसष्ट दिसत होते, कारण तिला तसं बोलायला शिकवून ठेवलं होतं. म्हणजे मुलीचं वय बायोडाटात लिहिलं आणि सगळ्या घरालाही पढवून ठेवलं. दातकोरणं घालून बाहेरचा माणूस आत नेला तेव्हा खरं कळलं.

आता मी या परीक्षणातल्या खऱ्या साहित्यकृतीकडे येतो. ती म्हणजे कोडीची रोजनिशी, लॉग. कोडीवर काही बिनसलं की पडद्यावर एक ओळ येते, तिचा मथितार्थ 'अधिक माहितीसाठी लॉग पाहा'. आणि लॉग ठेवलाय कुठे? टिंबाने सुरू होणाऱ्या एका फोल्डरात, आणि टिंबाने सुरू होणारं फोल्डर हे नेहमीच्या डोळ्यांना दिसू नये म्हणूनच तसं असतं. सोनं पुरून ठेवायचं आणि मृत्युपत्रात 'आजीला विचारा' लिहायचं, तशातला प्रकार. या बाबतीत मी कोडीला दहापैकी दोन गुण देतो. कोअरएलेकमध्ये ही अडचण नाही, घरातल्या संगणकावरून थेट लॉगचं फोल्डर उघडतं, म्हणून तिला आठ.

पण एकदा हाती लागला की लॉग वाचावा. मी आयुष्यभर आत्मचरित्रं वाचली, इतकं निःसंग लिखाण माझ्या पाहण्यात नाही. आधी स्वतःची ओळख : मी कोडी, अमुक आवृत्ती, अमुक चिपवर चालतोय. मग सेकंदाचे हजार भाग पाडून प्रत्येक हालचालीची नोंद. हे उघडलं, ते सापडलं नाही, हे पुन्हा करून पाहिलं, जमलं नाही. स्वतःच्या चुकीपुढे ठसठशीत अक्षरांत ERROR लिहितो, अगदी दुसऱ्याची असल्यासारखं. 'परिस्थितीच तशी होती', 'लोकांनी मला समजून घेतलं नाही' असलं एक वाक्य नाही. फक्त दोनच दिवस सांभाळतो : चालू सत्राचा एक आणि त्याआधीच्या सत्राचा एक. जुनं उगाळत बसत नाही.

याचे तोटेही आहेत. एका रात्री झोप लागेना म्हणून मी आवाजाची दुरुस्ती करायला उठलो. सकाळी भाच्याने लॉग उघडला, आणि हिने चहा ठेवता ठेवता त्याच्या खांद्यावरून वाचलं : 'एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं, फाइल उघडली', पुढे मधुबालाच्या सिनेमाचं नाव. "एक तास बावीस मिनिटं दुरुस्ती चालली होती होय?" ती म्हणाली. लॉगपुढे काय बोलणार? वकील दिला असता तर त्याने गुन्हा कबूल करायचा सल्ला दिला असता.

आता ती आवाजाची दुरुस्ती. एव्हाना अण्णा पडद्यावर आले होते. सुरुवातीला हात हलवला की चित्राला फणीच्या दात्यांसारख्या रेघा यायच्या, कारण जुन्या कॅसेटवर प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, एकाआड एक ओळींनी घेतलेलं असतं. अण्णांना जन्मभर फणीची गरज पडली नाही, आणि आता सगळ्या अंगाला फणी. ते एका सेटिंगने गेलं. मग डबा मधेच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. तो दोष विजेच्या पिनेचा निघाला. तिच्यावर दोन अँपिअर लिहिलेले होते, आणि या घरात लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचे दिवस संपले होते. दुसरी, जरा जड पिन लावली. पण आवाज काही येईना. गाण्यांना येत होता, 'सामना'ला येत होता, मधुबालालाही, असं लॉगवरून सिद्ध झालं होतं. फक्त अण्णा मुके. गळ्यात हार, माइकपाशी उभे राहतात, माइकवर टिचकी मारतात, ओठ हलतात. आई पुढे सरकून बसायची, पूर्ण चार मिनिटं बघायची आणि म्हणायची, "राहू दे बाळ. दिसतायत ते काय कमी आहे?" ती असं म्हणाली की मला डबा खिडकीतून फेकावासा वाटे.

तीन आठवडे मी डब्यावर राग काढला. तार बदलली. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "काका, नवीन मॉडेल आलंय." एका रात्रीत सहा सेटिंगं बदलली, त्यातलं कुठलं आधी कसं होतं हे विसरलो, आणि तेव्हापासून गाण्यांचाही आवाज अर्धा झाला. अशा कामात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे भाचा पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण मी तज्ज्ञ.

शेवटी हिनेच विचारलं, "सगळे बोलतात आणि मामंजीच बोलत नाहीत, तर त्यांच्यात वेगळं काय आहे?" बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचा प्रश्न. भाच्याने लॉगची नोंदणी आणखी तपशीलवार करायचा पर्याय चालू केला, अण्णांची फाइल लावली आणि नोंद काढली. तीत लिहिलं होतं की या फाइलचा आवाज एसी३ जातीचा आहे (डीव्हीडीवर गेलेला असल्यामुळे तो तसा झाला होता) आणि तो न उलगडता, गाठोडं जसंच्या तसं टीव्हीकडे पाठवला आहे. टीव्ही २०१२ चा. त्याला ते गाठोडं सोडता येत नाही. तो ते घेऊन गप्प बसतो. बाकीच्या गाण्यांचा आवाज वेगळ्या जातीचा, तो कोडी स्वतः उलगडून देत होता.

"पण न उलगडता पाठव, असं याला सांगितलं कुणी?" मी गरजलो.

भाच्याने आवाजाच्या सेटिंगचं पान उघडलं. 'तुमच्या यंत्राला एसी३ समजतं का?' अशा धर्तीचे प्रश्न, पुढे होय-नाहीची बटणं. पहिल्या दिवशी, तज्ज्ञ झाल्याच्या आनंदात, कुणी तरी सगळ्यांपुढे होय केलं होतं. घरातल्या कुणाचंही नाव लॉगमध्ये नव्हतं. त्याची गरजही नव्हती, ही आणि भाचा दोघंही माझ्याकडेच बघत होते.

म्हणजे तीन आठवडे अण्णांचं तोंड मीच धरून ठेवलं होतं. डब्याने चिप खोटी सांगितली, स्मरणशक्ती खोटी सांगितली, पिनेवरचे अँपिअर खोटे सांगितले, पण यात त्याचा हात नव्हता. आणि कोडी पहिल्या रात्रीपासून खरं तेच लिहून ठेवत होता, त्या टिंबामागच्या अंधाऱ्या फोल्डरात, कुणी वाचेल न वाचेल याची फिकीर न करता. त्याचे दोन गुण मी मघाशी दिले ते मागे घेत नाही, फोल्डर दडवल्याचे ते आहेतच. पण लिखाणाचे वेगळे पूर्ण दहा देतो.

भाच्याने बटण 'नाही' केलं. मी आईला आतून हात धरून आणलं, नेहमीच्या खुर्चीत बसवलं. फाइल लावली. सनई आली, भांड्यांचा आवाज आला, कुणा लहान मुलाचं रडणं आलं. ते माझ्या धाकट्या बहिणीचं कार्टं, तेच आता डबा हातात घेऊन उभं होतं. गर्दीतून अण्णा पुढे आले, हार सारखा केला, माइकवर टिचकी मारली. टक् टक्. खोलीत तो आवाज एवढा मोठा झाला की हिने दचकून रिमोट घेतला.

"मागे ऐकू येतंय का?" अण्णांनी विचारलं.

"येतंय हो," आई म्हणाली, "बोला."